ज्वारीच्या ताटात भेंड की गाभा?

प्रश्न असा आहे: ज्वारीचं ताट सोलल्यावर आत जे पांढरं, हलकं निघतं त्याला घरी सगळे 'भेंड' म्हणतात; शाळेत मात्र मुलीच्या वहीतला हा शब्द खोडून 'गाभा' लिहिलं गेलं. बरोबर काय?

भेंडच. तिचा शब्द खोडायला नको होता.

गाभा हा शब्द जागा सांगतो. भोवती काहीतरी असतं आणि मधोमध असतो तो गाभा. भेंड पोत सांगतं: पांढरं, हलकं, बोटानं दाबलं की दबणारं. बाशिंगं ज्याची करतात ते भेंड पाणथळीतल्या झुडपाचं असतं, आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं तो खोडाचा मधला भाग नाहीच, ते त्या झुडपाचं लाकूड आहे! तरी लोकांनी त्याला नाव दिलं ते हाताला लागलं तसं.

आता धारदार सुरीनं ताट आडवं कापा. पांढऱ्या कापावर ठिपकेच ठिपके दिसतील. एकेक ठिपका म्हणजे एक वाहक वृंद: पाणी वर चढवणाऱ्या जलवाहिन्या, पानांतलं अन्न पोचवणाऱ्या रसवाहिन्या आणि त्यांच्याभोवती चिवट पेशींचं वेष्टन. सालीलगत ठिपके बारीक आणि दाटीनं, आत जावं तसे मोठे आणि विरळ. ताट मोडून हलकेच ओढलं की दोरे लोंबतात ना, ते हेच. (हिंदी पुस्तकांच्या वळणानं याला 'संवहन पूल' म्हणू नये. हिंदीत पूल म्हणजे जुडगा. मराठी वाचकाला नदीवरचा पूल दिसतो.)

सूर्यफुलाच्या खोडात हेच वृंद गोल रिंगण धरून उभे असतात. रिंगणाच्या आतला तो गाभा, बाहेरचा वेगळा. तिथे हद्द आहे. ज्वारी, मका, ऊस ही एकदल पिकं. त्यांच्यात वृंद विखुरलेले, रिंगण नाही, म्हणून मऊ भाग सालीखालच्या कडक थरापासून मध्यापर्यंत सलग एकच. ज्याला हद्द नाही त्याला गाभा कसं म्हणायचं?

केळही एकदलच, पण तिथे गाभा हा शब्द चपखल बसतो. बाहेरची सोपटं म्हणजे पानांच्या देठांचे रुंद तळ एकमेकांभोवती गुंडाळलेले, आणि घड पेलणारं खरं खोड त्यांच्या मधोमध. भाजी करतो ती त्याचीच.

मग उसाला भेंड का म्हणत नाहीत? आतली रचना ज्वारीसारखीच, पण पेशी रसानं भरलेल्या, त्यामुळे पोत निराळा. उसाला तुरा येऊन बरेच दिवस गेले की आतला रस आटतो, कांडी पांढरी, कापसासारखी पडते, वजन घटतं. तेव्हा शेतकरी म्हणतात, उसाला दशी पडली. दशी म्हणजे कापडाच्या काठाचा सुटा दोरा, बीजेच्या चंद्राला वाहतात तोच.