पोर्तुगालहून नेदरलँड्सला माल आणताना ट्रक सोडून समुद्रमार्ग धरावा का?

आपला प्रश्न असा आहे: पोर्तुगालमधील आवेइरूजवळच्या कारखान्यातून उत्रेख्तच्या गोदामात येणारी चिनी मातीची भांडी आजवर ट्रकने येत होती, आता महिन्याला दोन ट्रक भरू लागले आहेत, तर हा माल कंटेनरमधून समुद्रमार्गे आणणे परवडेल का, आणि दोन्ही देश युरोपीय महासंघातले असताना कस्टमचा काही संबंध उरतो का. मी रॉटरडॅममध्ये एका फॉरवर्डरकडे (मालवाहतूक ठरवून देणाऱ्या कंपनीकडे) युरोपांतर्गत सागरी वाहतुकीचे बुकिंग पाहते, त्यामुळे या मार्गाची बरीचशी माहिती हाताशी आहे. परवडण्याची शक्यता चांगली आहे, मात्र ते जहाजाच्या भाड्यावर ठरत नाही. कारखान्यापासून बंदरापर्यंत आणि बंदरापासून गोदामापर्यंत अशा दोन टोकांवर ठरते. कस्टमचा संबंध उरतो, आणि तो किती उरतो हे आपण निवडलेल्या जहाजावर अवलंबून असते.

आधी एक घोळ दूर करते, कारण भाव मागवताना तो हमखास होतो. युरोपातल्या बंदरांमध्ये धावणाऱ्या छोट्या कंटेनर जहाजांवर दोन प्रकारचा माल शेजारी शेजारी असतो. न्हावा शेव्याहून पोर्तोसाठी निघालेला कंटेनर बहुधा वाटेतल्या एखाद्या मोठ्या बंदरात उतरतो आणि तिथून छोट्या जहाजाने पुढे जातो. ही फीडर वाहतूक. तिचा खर्च मोठ्या जहाज कंपनीने आपल्या भाड्यातच धरलेला असतो. आपला माल मात्र युरोपातच भरला जाऊन युरोपातच उतरणार आहे. या वाहतुकीला इथे शॉर्टसी म्हणतात, तिची स्पर्धा थेट ट्रकशी असते, आणि म्हणून त्या कंपन्या सहसा दारापासून दारापर्यंतचा एकच भाव देतात. आपण असाच भाव मागवावा. नुसते बंदर ते बंदर भाडे ऐकून लोक हुरळतात आणि दोन्हीकडची हाताळणी, ट्रेलर आणि अधिभार जोडल्यावर हिशेब ट्रकच्याही वर जातो.

आता कंटेनरचा प्रकार, कारण आपल्या बाबतीत अर्धा निर्णय तिथेच होतो. नेहमीच्या समुद्री कंटेनरची आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर असते. युरो पॅलेट ०.८० बाय १.२० मीटरचे असते, म्हणजे तीन पॅलेट आडवी लावायची किंवा दोन पॅलेट लांबीच्या बाजूने शेजारी ठेवायची तर २.४० मीटर लागतात, आणि त्या पाच सेंटिमीटरपायी सगळी मांडणी बिघडते. परिणामी ४० फुटी कंटेनरमध्ये जेमतेम २४-२५ पॅलेट बसतात, तर आपल्या सध्याच्या ट्रकमध्ये ३३ येतात. याच कारणासाठी शॉर्टसीमध्ये ४५ फुटी ‘पॅलेट-वाइड’ कंटेनर वापरतात. तो आतून साधारण २.४४ मीटर रुंद असतो आणि त्यात तीन-तीन पॅलेटच्या अकरा रांगा, म्हणजे बरोबर ३३ पॅलेट बसतात. या कंटेनरची लांबी १३.७२ मीटर असल्यामुळे तो युरोपच्या रस्त्यांवरील वाहनांच्या कमाल लांबीत पूर्वी नीट बसत नसे आणि त्यासाठी कोपरे तासलेले कंटेनर बनवावे लागत. २०१५ साली नियमात दुरुस्ती होऊन संयुक्त वाहतुकीसाठी (म्हणजे ट्रक आणि जहाज किंवा रेल्वे मिळून होणाऱ्या वाहतुकीसाठी) १५ सेंटिमीटरची सूट मिळाली. मोठ्या जहाज कंपन्या आपले रिकामे ४० फुटी कंटेनर कधी कधी स्वस्तात देऊ करतात. भाव मोहात पाडणारा असतो, परंतु तो नेहमी पॅलेटमागे काढून पाहावा.

३३ पॅलेट बसतात खरी, पण तीन पॅलेटच्या २.४० मीटरपुढे जागा उरते ती चार सेंटिमीटरच. भांड्यांचे खोके पॅलेटच्या कडेबाहेर बोटभर जरी आले, किंवा प्लॅस्टिकचे वेष्टन फुगून राहिले, तर तिसरे पॅलेट आत शिरत नाही. फोर्कलिफ्टवाला जोर लावतो, आणि फुटलेल्या थाळ्यांचा आवाज भरतानाच ऐकू येतो. कारखान्याला खोक्यांची रचना पॅलेटच्या आत दोन-दोन सेंटिमीटर घ्यायला सांगावे. दुसरी बाब याहून महत्त्वाची. आपला ट्रक बहुधा पडदेवाला असेल, ज्यात माल बाजूने चढवता येतो. कंटेनर फक्त मागून उघडतो आणि तो चॅसिसवर, म्हणजे ट्रेलरच्या सांगाड्यावर, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर असतो. कारखान्यात आणि गोदामात, दोन्हीकडे ट्रेलर मागे लावता येईल असा डॉक (माल चढवण्या-उतरवण्याचा उंच ओटा) किंवा निदान फिरता रॅम्प हवा. तो नसेल तर पुढचे वाचण्याआधी हा प्रश्न सोडवावा.

मार्ग असा: आवेइरूलाही बंदर आहे, परंतु ते मुख्यतः सुट्या मालाचे, कंटेनरसाठी सुमारे सत्तर-ऐंशी किलोमीटर उत्तरेला पोर्तोच्या शेजारचे लेशोंइश बंदर घ्यावे लागते. तिथून बिस्केचा उपसागर आणि इंग्लिश खाडी ओलांडून रॉटरडॅम. जहाज प्रत्यक्ष समुद्रात साधारण तीन दिवस असते, परंतु बंदरात माल आधी पोहोचवण्याची मुदत, जहाजाचा ठरलेला वार आणि इकडे उतरल्यावरची वाट धरून दारापासून दारापर्यंत सात ते नऊ दिवस गृहीत धरावेत. ट्रकला रस्त्याने सुमारे दोन हजार किलोमीटर कापायचे असतात; चालकाला दिवसाला नऊ तासच गाडी चालवता येते (आठवड्यातून दोनदा दहा), आणि फ्रान्समध्ये शनिवारी रात्री दहापासून रविवारी रात्री दहापर्यंत अवजड वाहनांना बंदी असते, त्यामुळे त्यालाही चार-पाच दिवस लागतातच. म्हणजे समुद्र साधारण चार दिवसांनी मागे आहे. भांडी नासत नाहीत, तेव्हा हा प्रश्न केवळ साठ्याच्या नियोजनाचा आहे.

रॉटरडॅम म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर मास्व्लाक्तेवरील अवाढव्य टर्मिनले येतात. ती शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटर पश्चिमेला, समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर आहेत. शॉर्टसीची बरीच जहाजे मात्र आत, शहराजवळच्या एमहावन-वालहावन या गोद्यांच्या बाजूला लागतात, आणि उत्रेख्तच्या दृष्टीने हा फरक लहान नाही: तिथून आपले गोदाम तासाभराच्या अंतरावर आहे आणि एकच ट्रेलर दिवसात दोन फेऱ्या करू शकतो. शिवाय खोल समुद्रातल्या मोठ्या जहाजांच्या टर्मिनलवर छोट्या जहाजाला धक्क्यासाठी तिष्ठत बसावे लागण्याचा संभव अधिक असतो. भाव मागवताना टर्मिनलचे नाव लेखी घ्यावे.

भाडेपत्रकात मूळ भाड्याखेरीज दोन अधिभार दिसतील. पहिला इंधनाचा. उत्तर समुद्र आणि इंग्लिश खाडी या पट्ट्यात १ जानेवारी २०१५ पासून जहाजांना जास्तीत जास्त ०.१० टक्के गंधकाचे इंधन वापरावे लागते किंवा धूर धुणारी यंत्रणा बसवावी लागते. दुसरा उत्सर्जनाचा. १ जानेवारी २०२४ पासून ५,००० ग्रॉस टन (जहाजाच्या आकारमानाचे माप) किंवा त्याहून मोठी जहाजे युरोपच्या कार्बन बाजारात आली. २०२४ च्या उत्सर्जनाच्या ४० टक्के, २०२५ च्या ७० टक्के आणि २०२६ पासून संपूर्ण उत्सर्जनाचे परवाने कंपनीला भरावे लागतात. युरोपबाहेरून येणाऱ्या फेरीचे निम्मेच उत्सर्जन मोजले जाते, पण आपल्यासारख्या दोन युरोपीय बंदरांमधील फेरीचे पूर्ण. रस्त्यावरची गर्दी समुद्राकडे वळावी असे धोरण वर्षानुवर्षे सांगायचे आणि त्याच समुद्रमार्गावर पूर्ण आकारणी लावायची, ही विसंगती मला अजूनही पटलेली नाही. असो. हे अधिभार दर महिन्याला किंवा तिमाहीला बदलतात, म्हणून वर्षाचा करार करताना ते कोणत्या सूत्राने बदलतील हे विचारावे.

आता कस्टम. पोर्तुगालचा माल ट्रकने स्पेन-फ्रान्समार्गे आला तर तो महासंघाच्या हद्दीतून कुठेही बाहेर पडत नाही. जहाजाने आला की तो मधे खुल्या समुद्रावर जातो, आणि समुद्रावरून आलेला माल महासंघातला आहे हे गृहीत धरले जात नाही, ते सिद्ध करावे लागते. याला मोठा अपवाद आहे तो नियमित नौवहन सेवेचा: कंपनीने कस्टमची परवानगी घेऊन ठरावीक जहाजे फक्त महासंघातल्याच बंदरांमध्ये फिरवली, तर त्यांवरील मालाचा महासंघीय दर्जा कायम राहतो आणि आपल्याला काहीच करावे लागत नाही. हेच जहाज वाटेत ब्रिटनचे किंवा मोरोक्कोचे बंदर घेत असेल तर ही सवलत नाही. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनही त्या अर्थाने परका देश झाला आहे. अशा वेळी टी-टू-एल हा दर्जाचा पुरावा लागतो. १ मार्च २०२४ पासून तो इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घेतला जातो, त्याची मुदत ९० दिवसांची असते, आणि मालाची किंमत १५,००० युरोपेक्षा जास्त नसेल तर त्यावर कस्टमचे शिक्कामोर्तब लागत नाही. पूर्ण कंटेनरभर भांडी त्या मर्यादेत बसण्याची शक्यता कमी. पुरावा वेळेवर नसला की कंटेनर टर्मिनलवर अडकतो आणि मोफत दिवस संपले की डेमरेज, म्हणजे रोजचा विलंब-आकार, सुरू होते. म्हणून बुकिंगआधी एकच प्रश्न विचारावा: ही सेवा नियमित नौवहन सेवा म्हणून मंजूर आहे का? मी स्वतः दहा-पंधरा युरोंच्या फरकासाठी नामंजूर सेवा कधीच सुचवत नाही.

करासाठीही एक कागद सांभाळावा लागतो. विक्रेत्याला शून्य दराने (मूल्यवर्धित कर न लावता) बीजक काढायचे असेल तर माल देशाबाहेर गेल्याचे, एकमेकांशी विसंगत नसलेले दोन पुरावे हाती असणे त्याच्या हिताचे असते. ट्रकच्या वेळी सहीचे सीएमआर (रस्तावाहतुकीचे मालपत्र) मिळत होते. आता सागरी वेबिल (जहाजाने माल घेतल्याचा कागद) आणि फॉरवर्डरचे बीजक जपून ठेवावे. शॉर्टसीमध्ये मूळ बिल ऑफ लेडिंगची (जो दाखवल्याशिवाय माल सोडला जात नाही त्या कागदाची) गरज सहसा नसते, वेबिलवर काम होते, आणि ते सोयीचेच आहे, कारण कागद कुरिअरने येईपर्यंत जहाज कधीच लागून गेलेले असते.

पोर्तुगालपुरती एक खास बाब आहे ती पॅलेटच्या लाकडाची. युरोपीय महासंघातल्या महासंघात लाकडी पॅलेटला एरवी उष्णतेच्या प्रक्रियेची सक्ती नसते. पोर्तुगालमध्ये मात्र पाइन वृक्षांना मारणाऱ्या सूक्ष्म कृमीचा प्रादुर्भाव असल्यामुळे तिथून बाहेर जाणारी लाकडी पॅलेट प्रक्रिया केलेली आणि ती झाल्याची खूण असलेल्या गव्हाच्या ओंबीच्या शिक्क्याची असावी लागतात. हा नियम ट्रकलाही लागू आहे, आणि आपला कारखाना तो पाळत असेलच; तरी कंटेनर बंद होण्याआधी शिक्क्यांचे फोटो मागून घ्यावेत.

वजनाचे कागद कारखान्याने द्यायचे असतात. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवला जात नाही. एक तर भरलेला कंटेनर काट्यावर तोलावा, किंवा माल, पॅलेट, बांधणीचे सामान आणि रिकामा कंटेनर यांची बेरीज मान्य पद्धतीने करावी. भांडी जड असतात, तेव्हा इथे एक फायदाही पदरात पडतो: रस्त्यावर एकूण ४० टनांची सर्वसाधारण मर्यादा असताना बंदरापर्यंतच्या संयुक्त वाहतुकीत योग्य आसांच्या वाहनाला ४४ टनांपर्यंत मुभा आहे, आणि कंटेनरचे स्वतःचे वजन वजा केले तरी थोडा अधिक माल बसू शकतो.

बांधणीबाबत मात्र ट्रकची सवय सोडावी लागते. रस्त्यावर माल कडेला सरकू नये म्हणून त्याच्या वजनाच्या निम्म्या इतका जोर धरून बांधणी करतात. खुल्या समुद्रासाठी तोच आकडा ८० टक्के आहे. बिस्केमध्ये हिवाळ्यात जहाज तासन्‌तास डोलत राहते, आणि पॅलेटच्या रांगांमधली बोटभर मोकळी जागा त्या हेलकाव्यांनी रुंदावत जाते. शेवटच्या रांगेनंतर दारापाशी उरणारी जागा हवेच्या पिशव्यांनी किंवा लाकडी आडव्यांनी भरून घ्यावी, नाहीतर दार उघडताना वरचे खोके माणसाच्या अंगावर येतात.

विमा वेगळा घ्यावा, आणि तो सर्व जोखमींचा घ्यावा. रस्त्यावर वाहतूकदाराची जबाबदारी किलोमागे ८.३३ एसडीआरपर्यंत (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) असते. समुद्रावर हेग-व्हिस्बी नियम (सागरी वाहतूकदाराच्या जबाबदारीचे आंतरराष्ट्रीय नियम) लागू झाले तर ती किलोमागे २ एसडीआर किंवा नगामागे ६६६.६७ एसडीआर, यांपैकी जी जास्त असेल तेवढीच. शिवाय जहाज वाचवण्यासाठी काही मालाचा बळी द्यावा लागला तर त्या नुकसानीत इतर सर्व मालधन्यांना वाटा उचलावा लागतो, मग आपला कंटेनर सुखरूप असला तरी. ही गोष्ट ट्रकवाल्या व्यापाऱ्यांना प्रथम ऐकताना खोटी वाटते.

माझे मत विचाराल तर दोन्ही ट्रक एकदम बंद करू नयेत. महिन्यातला एक माल समुद्रमार्गे, एक रस्त्याने, अशी सुरुवात करावी, आणि ती एप्रिल-मे महिन्यात करावी. हिवाळ्यात मोठ्या लाटांमुळे लेशोंइश बंदराचे तोंड कधी कधी बंद ठेवतात आणि पहिल्याच खेपेला आठवडा वाया गेला तर वेळापत्रकाचा काहीच अंदाज येत नाही. महिन्याला अर्धाच ट्रक भरत असता तर मी समुद्राचे नावही काढले नसते, कारण युरोपांतर्गत सुट्या पॅलेटसाठी ट्रकच्या एकत्रित खेपांना तोड नाही. भाव मागवताना कारखान्याचा आणि गोदामाचा पिनकोड, पॅलेटची संख्या व उंची, एकूण वजन, डॉक आहे की नाही, आणि भरायला किती तास लागतात एवढे लिहून तीन कंपन्यांना पाठवावे. भरण्याचे तास मुद्दाम सांगते आहे: ठरलेल्या मोफत तासांपुढे चालक थांबला की त्याचे पैसे वेगळे लागतात, आणि आवेइरूच्या टोकाला हातांनी माल रचणारा कारखाना असेल तर ट्रकवर वाचवलेली रक्कम तिथेच खर्ची पडते.