डिसेंबरच्या शुभेच्छा पहिल्यांदाच पाठवताय?

गोंधळ होणं अगदी स्वाभाविक आहे, घाबरू नका. मी बरीच वर्षं परदेशी सहकाऱ्यांना डिसेंबरात शुभेच्छा पाठवतोय, त्यावरून सांगतो. सुरुवातीला एवढंच बघा की शुभेच्छा कुणाला जातायत.

समोरचा नाताळ साजरा करतो हे ठाऊक असेल, तर बिनधास्त ‘मेरी ख्रिसमस’ म्हणा. अशा माणसाला मुद्दाम ‘हॅपी हॉलिडेज’ (म्हणजे कुठल्याच सणाचं नाव न घेता सुट्ट्यांच्या शुभेच्छा) असं लिहिलं की उगाच परकेपणा येतो. ठाऊक नसेल, किंवा एकच मेल पन्नास जणांना जाणार असेल, तर ‘हॅपी हॉलिडेज’ किंवा सरळ नववर्षाच्या शुभेच्छा. (तसं ‘हॉलिडे’ या शब्दाचं मूळही ‘पवित्र दिवस’ असंच आहे.)

नवख्यांच्या चुका बहुतेक याच:

- नावावरून किंवा देशावरून सण ठरवणं. ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाचे लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण नाताळ साजरा करत नाहीत.
- सगळ्यांचा सण २५ डिसेंबरलाच धरणं. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचा नाताळ ७ जानेवारीला असतो. ज्यूंच्या हनुकाची तारीख तर दरवर्षी बदलते. २०२५ मध्ये तो १४ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झाला. आठ दिवसांचा सण आहे, तेव्हा आधी तारीख बघून घ्या.
- हनुकाला ‘ज्यूंचा नाताळ’ म्हणणं. हे मात्र खरंच टाळा, लोक दुखावतात.

कुणी तुम्हाला वेगळ्या शब्दांत शुभेच्छा दिल्या, तर दुरुस्त करायला जाऊ नका. ‘थँक यू, तुम्हालाही’ एवढं पुरे. आणि जवळच्या चार-पाच जणांना तरी नाव घालून वेगळं लिहा.