गावात राहायला आल्यावर डोक्यातले विचार वाढले, असं का होतं?

तुम्ही लिहिलंय की मुंबई सोडून गोव्यात डिचोलीजवळच्या गावात भाड्याने राहायला येऊन तीन महिने झाले. काम घरूनच चालतं, दिवसभर गॅलरीत लॅपटॉप घेऊन समोरची झाडं बघत बसता. सगळं शांत आहे, तरी रात्री डोकं थांबत नाही, संध्याकाळी मन उतरतं. माझंच काही चुकतंय का, असं विचारलंय.

चुकत काही नाही. मी सांगलीकडची, लग्न होऊन इथल्या सत्तरी तालुक्यात आले त्याला बारा वर्षं झाली. पहिला पावसाळा मला अजून आठवतो. तीन-तीन दिवस वीज नाही, कौलांवर सतत पाऊस, नवरा औद्योगिक वसाहतीत पाळीला गेलेला. शहरात विचार सुरू झाला की मध्ये कुणाचा तरी हॉर्न वाजतो, बस येते, बेल वाजते. इथे मध्ये कुणी येतच नाही. एक विचार सकाळी धरला की रात्रीपर्यंत तोच. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते मला त्या पावसात कळलं.

तेव्हा माहेरच्या घराच्या वाटणीवरून मी भावाला एक लांबलचक मेसेज पाठवला होता. त्याने वाचला, उत्तर नाही. आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, रेंज फक्त रस्त्यावरच्या मोरीजवळ येते. मी छत्री घेऊन दिवसातून दोन-तीनदा तिथे जाऊन उभी राहायची. आपण लिहिलेलं वाक्य पुन्हा वाचायचं, त्यात काय लागलं असेल ते शोधायचं, मनातल्या मनात त्याचं उत्तर रचायचं, त्याला आपलं उत्तर रचायचं. घरी आले तरी ते चालूच.

त्याच आठवड्यात कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेत, कोळेरोग आला. पोफळीखाली कच्च्या हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडायला लागला. उचलून बघितली तर देठाशी ओलसर डाग आणि वर पांढरी बुरशी. सासूबाईंनी माझ्या हातात टोपली दिली आणि म्हणाल्या, पडलेली एकूणएक वेचायची, नाहीतर रोग पसरतो. फवारणीची दुसरी पाळी पावसाने चुकली होती, त्यामुळे उघडीप मिळाली की लगेच मारायची होती. एक किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात, एक किलो चुना दुसऱ्या 50 लिटरमध्ये, तेही प्लास्टिकच्या पिंपात, धातूचं भांडं चालत नाही. मग दोन्ही एकत्र ओतायचं. सासूबाईंनी त्यात विळ्याचं पातं बुडवून धरलं. बाहेर काढलं तर त्यावर तांबूस थर. म्हणजे मोरचूद जास्त झालं, चुना अजून हवा. मग मी चुन्याचं पाणी थोडं थोडं घालत गेले, त्या पातं पुसून पुन्हा बुडवत राहिल्या, शेवटी पातं स्वच्छ निघालं. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवावं लागतं. पोफळीवर चढणारा माणूस तोवर येऊन उभा होता आणि ढग पुन्हा जमत होते. त्या चार तासांत मला भाऊ एकदाही आठवला नाही.

याचा अर्थ खेड्यातली माणसं विचार करत नाहीत असा घेऊ नका. सासूबाई रोज रात्री काळजी करायच्या, अजूनही करतात. पण त्यांची काळजी 'उद्या उघडेल का' अशी असते, आणि सकाळी दार उघडलं की तिचा निकाल लागतो. माझ्या काळजीला सकाळच नव्हती. सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच उगाळण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. मन उतरलेलं असताना 'असं का झालं, मीच अशी का' हे घोळवत बसलं की उतरलेपण लांबत जातं, असं त्यांना आढळलं.

झाडांचा उपयोग होतो, हेही खरं. 2015 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी काही निरोगी माणसांना 90 मिनिटं चालायला पाठवलं, काहींना झाडी-गवतातून, काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. झाडीतून आलेल्यांचं स्वतःबद्दलचं उगाळणं कमी झालं, रस्त्यावरच्यांचं नाही. पण ते चालले होते. तुम्ही गॅलरीत बसून आहात, आणि मांडीवर लॅपटॉप आहे.

संध्याकाळचं म्हणाल तर ती वेळ मलाही जड जायची. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून हॉर्न वाजवत येतो तेव्हा तुम्हीही बहुतेक फाटकाला पिशवी आणि पैसे अडकवून ठेवत असाल. ती पिशवी काढा. स्वतः रस्त्यावर जा, चार उंडे, ते गोल पाव, हातात घ्या. तिथे शेजारची दोघं-तिघं असतातच, कुणाची गाय आटली, कुणाच्या मुलाची परीक्षा, एवढंच बोलणं होतं, पण तेवढ्याने दिवेलागण निघून जाते. देवळात भजन असेल तर मागे जाऊन बसा. अभंग मराठीच असतात, तुम्हाला येत असतील. गाता नाही आलं तरी टाळ कुणीतरी हातात देईल.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, जेवण जात नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर उंडे आणि भजन यावर थांबू नका. 14416 हा सरकारी टेलि-मानसचा नंबर 24 तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, तिथे जाण्यात लाजण्यासारखं काही नाही.

भावाचं उत्तर नवव्या दिवशी आलं. 'बघू' एवढंच. वाटणीचं पुढे दोन वर्षं चाललं.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आता तोंडावर आहे. शेजारच्या घरी जाऊन विचारा, माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-रानफळं टांगतात त्या मांडवीला, काय काय आणायचं राहिलंय. घागऱ्या, कवंडाळ, तोरिंग ही नावं तुम्ही ऐकली नसतील. त्यांच्या पोरांबरोबर रानात जा, ती दाखवतील. काय मिळालं ते मला इथेच लिहून कळवा.