येळवशीचे जेवण, पण शहरातल्या घरी

प्रश्न : आम्ही मूळचे निलंगा तालुक्यातले, नोकरीमुळे आता छत्रपती संभाजीनगरला राहतो. वेळा अमावस्येला, म्हणजेच येळवशीला, शेतात पूजा करून तिथेच जेवतात. त्या दिवशी लातूर जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते, येथे ती नसल्यामुळे शेतावर जाणे जमत नाही. यंदा त्याच रात्री घरी बारा माणसांचे येळवशीचे जेवण करायचे ठरले आहे. जिन्नस आपल्याच भागातले असावेत, असा सासूबाईंचा आग्रह आहे. ते कसे निवडावेत आणि आदल्या दिवशी काय उरकून ठेवावे? – एक वाचक

उत्तर : सासूबाईंचा आग्रह पुरा करणे फारसे अवघड नाही, कारण चिंच आणि डाळ या दोन्ही गोष्टी आपल्याच तालुक्यातल्या प्रसिद्ध आहेत. पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी जालन्याच्या दगडी ज्वारीला आणि वसमतच्या हळदीलाही ते मिळाले. चिंच व डाळ गावाकडून येणाऱ्या कोणाकडून तरी मागवावी, ज्वारी जालन्याची घ्यावी. पालेभाजी मात्र त्या दिवशी सकाळी बाजारात जी ताजी दिसेल तीच घ्यावी, घरून यादी करून नेऊ नये. भज्जी म्हणजे पालेभाज्या आणि ओले दाणे एकत्र शिजवून केलेली येळवशीची भाजी; ती मुळात शिवारात त्या वेळी जे हिरवे असेल त्याची असते, म्हणून एखादी भाजी मिळाली नाही तर काही बिघडत नाही.

बारा जणांसाठी तुरीचे ओले दाणे, ओला हरभरा आणि वालाचे दाणे प्रत्येकी पाव किलो, मूठभर भिजवलेले शेंगदाणे, मेथी व पालकाच्या दोन-दोन जुड्या आणि चाकवत, चुका व कांद्याची पात यांची एकेक जुडी पुरेल. बहुतेक घरांत चूक होते ती आंबटाची. चुका, चिंच आणि ताक असे तीन आंबट एकाच पातेल्यात येतात, आणि आंबट आधी पडले की दाणे लवकर शिजत नाहीत. त्यामुळे दाणे साध्या पाण्यात बोटाने दबतील इतके मऊ होऊ द्यावेत, मग पालेभाजी घालावी, त्यानंतर ताकात गुठळ्या न राहता कालवलेले दीड वाटी डाळीचे पीठ ओतून ढवळत राहावे, आणि चिंचेचा कोळ अगदी शेवटी, चव पाहूनच घालावा. फोडणीत लसूण सढळ हाताने असावा. (नावामुळे तळलेल्या भजींची वाट पाहणारे पाहुणे दरवर्षी एखाददुसरे निघतातच, त्यांना आधीच सांगून ठेवावे.)

आंबिलीची तयारी आदल्या रात्रीच करावी लागते. दोन वाट्या ज्वारीचे पीठ लिटरभर ताकात भिजवून ठेवावे. थंडीत ते आंबायला वेळ लागतो, म्हणून भांडे चुलीच्या उबेला किंवा ओट्याच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवावे. सकाळी दीड लिटर उकळत्या पाण्यात ते धार धरून सोडावे, सतत ढवळत शिजवावे, पूर्ण निवल्यावर आणखी ताक, ठेचलेला लसूण, जिरे व मीठ घालावे आणि मातीच्या माठात भरावे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ती ठेवू नये; आंबटामुळे ती कळकते, म्हणजे तिला धातूची चव लागते. रात्रीपर्यंत आंबील मुरते, त्यामुळे शेतावर दुपारी पिण्यापेक्षा ती कदाचित अधिक चवदारच लागेल.

तिळाच्या पोळ्या आदल्या दिवशी करून ठेवल्या तरी चालतात. खिरीचा सडलेला (कांडून साल काढलेला) गहू रात्री भिजत घालावा, आणि गूळ घातल्यावर दूध फाटू नये म्हणून दूध खीर थोडी निवल्यावर घालावे. बाजरीचे उंडे (पिठाचे गोळे) मात्र जेवणापूर्वी तासभर आधीच वाफवावेत. शिळे झाले की ते दगड होतात.

बोरसुरीच्या डाळीचे साधे वरण वेगळे करून ठेवावे. लहान मुले भज्जीचा आंबटपणा पहिल्या घासालाच नाकारतात, आणि मग आजीचे आणि त्यांचे दोघांचेही जेवण लांबते.