लेकरू बारीक आहे म्हणून पडतंय का?

"मॅडम, ह्याची उंचीच भरंना, म्हणूनच पायात जोर नसंल, सारखा पडायलाय." बीड जिल्ह्यातली एक आई पाडव्यानंतर पोराला घेऊन आली, नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जातात आणि हंगामभर लेकरू आज्जीपाशी असतं. पोरगं चार वर्षाचं, जावेची पोरगी त्याच्याच वयाची, ती अंगणभर लंगडी घालती आणि हा एका पायावर उभा राहिला की लगेच कलंडतो, वर ती उंचीनंही जास्त, मग काय, घरात रोज तुलना.

मापं घेतली. उंची 96 सेंमी, वजन साडेतेरा किलो. डब्ल्यूएचओच्या 2006 च्या तक्त्यात चार वर्षाच्या मुलाची मधली उंची 103 च्या आसपास आहे पण खाली साधारण 95 पर्यंत नॉर्मलच धरतात, आणि अंगणवाडीत मागच्या वर्षीची नोंद 89.5 ची होती, म्हणजे वर्षात साडेसहा सेंमी वाढला, ह्या वयात मुलं तेवढीच वाढतात. दंडाचा घेर 15 सेंमी, काळजी 12.5 च्या खाली. डॉक्टरांनी पाय, डोळे, कान तपासले, सगळं ठीक. मग पडतोय का?

तर आज्जी त्याला खाली सोडतच नव्हती! ओट्याच्या पायऱ्या कडेवर, अंगणवाडीलाही कडेवरच. म्हणाली, "मायबाप लांब, लेकराला लागलं-खुपलं तर सुनेला काय तोंड दावू?" मला तिला दोष द्यावा वाटलाच नाही, सहा महिने नातू सांभाळून सुखरूप परत द्यायचा ही केवढी मोठी जबाबदारी आहे हो. म्हणून काम आज्जीलाच दिलं, रोज संध्याकाळी अंगणात राखेची रेघ ओढायची न् त्याला त्यावरून चालवायचं, बोट धरून पायऱ्या चढू-उतरू द्यायच्या, चिंध्यांचा चेंडू झेलायला लावायचा, एका पायावर उभं करून आकडे मोजायचे. आईला टॉनिक पाहिजे होतं, त्यानं तोल येत नसतो ताई, सवयीनं येतो.

पोळ्यापर्यंत दोन-तीन उड्या लंगडी जमायला लागली, उंची मात्र अजून जावेच्या पोरीपेक्षा कमीच आहे.

पण लेकरू मांडीवर हात टेकून टेकून उठत असंल, सारखं चवड्यावर चालत असंल, किंवा आधी येत होतं ते आता येईना झालं असंल तर मात्र थांबू नका, अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या आरबीएसकेच्या (सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) डॉक्टरांना दाखवा, ते जिल्हा रुग्णालयात पुढच्या तपासणीला पाठवतात.