आउटलेटला काय द्यायचं?

प्रश्न: कॉम्प्युटरवर पाण्याच्या प्रवाहाचं सिम्युलेशन करतोय. पाइपाचा व्यास ५० मिमीचा एकदम २५ होतो. इनलेट (पाणी आत येतं ते तोंड), आउटलेट (बाहेर जातं ते) दोन्हीकडे वेग १ मीटर प्रति सेकंद दिलाय, सॉल्व्हर (हे गणित सोडवणारा प्रोग्रॅम) डायव्हर्जच होतोय, म्हणजे उत्तर जुळायच्या ऐवजी भरकटत जातंय.

उत्तर: अहो, व्यास निम्मा म्हणजे क्षेत्रफळ पाव! आत चार बादल्या ओतताय, बाहेर एकच सोडताय, बाकीचं पाणी जाणार कुठे? आउटलेटला ४ टाकलंत तर हिशोब जुळेल, पण खऱ्या पाइपात भिंतीपाशी वेग शून्य नि मधे जास्त, त्यामुळे सपाट ४ लादला की शेवटचा तुकडा खोटाच येणार. त्यापेक्षा आउटलेटला गेज प्रेशर (बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा जास्तीचा दाब) शून्य द्या, वेग सॉल्व्हर काढेल. आणि आउटलेट त्या अरुंद तोंडाला चिकटवू नका, दहाएक व्यास पुढे न्या, नाहीतर रिव्हर्स फ्लोची (आउटलेटमधून पाणी उलटं आत येतंय अशी) वॉर्निंग येत बसते (मीही ती बरेच दिवस बघून न बघितल्यासारखी केलेली).