समुद्राखाली तर शांतता असते, मग जहाजांच्या आवाजाने मासे-देवमाशांना काय त्रास होणार?

तुमचं म्हणणं असं, की पाण्याखाली सगळं शांतच असतं, आणि आवाज झालाच तर मासे दुसरीकडे जातील. मी कोल्हापूरचा, समुद्र घाटाखाली राहिला. पण शिरोलीत पंपदुरुस्तीत वीस वर्षं गेली, त्यामुळे जहाजाचा तो आवाज माझ्या ओळखीचा आहे.

उन्हाळ्यात पंचगंगेचं पाणी उतरलं की काठावरच्या उसाच्या मोटरी खडी दळल्यासारख्या खडखडतात. शेतकरी म्हणतो, "दगड अडकलाय बघा." उघडावं तर दगड नसतोच. इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या, पात्यांना वाळवी लागल्यासारखे खड्डे पडलेले असतात. ओढ जास्त झाली की दाब इतका पडतो, की गार पाण्यातच वाफेचे बुडबुडे धरतात आणि पुढे दाब वाढला की फटाफट मिटतात. हे कॅव्हिटेशन. बिडाचं पातं खाणारे बुडबुडे! आता त्या इम्पेलरच्या जागी सात-आठ मीटर व्यासाचा जहाजाचा पंखा धरा. मोठ्या मालवाहू जहाजाच्या आवाजात सर्वांत मोठा वाटा याच बुडबुड्यांचा, आणि तो रात्रंदिवस चालू.

समुद्र मुळात मुका नाहीच. उजेड दोनशे मीटरच्या खाली जवळपास संपतो, आवाज मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त. विहिरीत बुडी मारा आणि मित्राला पाण्याखाली लांबून दोन दगड आपटायला सांगा. कानाशीच आपटल्यासारखे वाटतील. म्हणून तिथले जीव कानावर जगतात. घोळ, ढोमा यांच्या कुळातले मासे पोटातली हवेची पिशवी, कोळी जिला भोत म्हणतात, ती ढोलासारखी वाजवून जोडीदाराला बोलावतात. बोटाएवढी एक कोळंबी नांगी इतक्या झटक्यात मिटते, की तिथेही बुडबुडाच धरतो. तिचा 'चट्' आवाज त्या बुडबुड्याचा, हे 2000 साली वेगवान कॅमेऱ्याने दाखवून दिलं. प्रवाळाजवळच्या अशा कलकलाटावरूनही काही माशांची पिल्लं राहायची जागा शोधतात.

बऱ्याच मोठ्या देवमाशांची हाक खर्जातली, शेकडो किलोमीटर जाणारी. जहाजाचा आवाजही नेमका खर्जातलाच. जोतिबाच्या यात्रेत हरवलेल्या पोराला आई हाक मारतेय आणि शेजारी भोंगा लागलाय, तशी गत. फरक इतकाच, की यात्रा उठते.

11 सप्टेंबर 2001 च्या अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर काही दिवस कॅनडाच्या फंडी उपसागरातली जहाजं कमी झाली. पाण्यातला आवाज 6 डेसिबलने उतरला, म्हणजे त्याची शक्ती पावपटीवर आली. त्याच दिवसांत तिथल्या राईट व्हेल जातीच्या देवमाशांच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकं कमी झालेली सापडली. पुढच्या वर्षांच्या सप्टेंबरात तशी घट दिसली नाही. हा अभ्यास 2012 साली छापून आला, आणि मला तो वाचून फार वाईट वाटलं. त्या जनावरांचा रोजचा ताण आपल्याला कळला, तो आवाज थांबला तेव्हा.

आणि दुसरीकडे जायचं कुठे? खर्जातला आवाज लांबवर पोचतो, खाद्य मात्र ठरावीक जागीच मिळतं.

शेतकऱ्याला मी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळायला सांगतो. पाणी कमी पडतं, पण खडखडाट थांबतो. जहाजालाही तेच लागू. 2017 साली व्हँकुव्हरजवळ ऑर्का जातीच्या देवमाशांच्या पाण्यातून जहाजं 11 नॉटच्या (ताशी सुमारे 20 किलोमीटर) आसपास हळू नेऊन बघितली. आवाज खरंच खाली आला.